फ्रिज निलंग्यात पोचला, त्याचा बोर्ड कधी पोचणार?

घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या आणि भारतात विकणाऱ्या सर्व कंपन्यांच्या संचालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात माझं दुकान आहे. पुढच्या बाजूला तुमचे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिन विकायला मांडलेले असतात आणि मागच्या खोलीत मी तीच यंत्रं उघडून बसलेला असतो. लातूरच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड करून १९९१ साली धंद्याला लागलो, तो अजून त्याच धंद्यात आहे. तुमचा माल विकणारा मी आणि तो दुरुस्त करणाराही मीच. त्यामुळे गिऱ्हाईक घेताना काय बोलतं आणि बिघडल्यावर काय बोलतं, हे दोन्ही माझ्या कानावर पडतं.

आज माझ्या मागच्या खोलीत एक फ्रिज उभा आहे. १९० लिटरचा, एका दाराचा, लाल, दारावर फुलांची नक्षी. ऑक्टोबरात आला, अजून गेलेला नाही. हे पत्र मी त्याच्यामुळेच लिहायला घेतलं. पण त्याच्याकडे येण्याआधी, तुम्ही ज्याला ग्रामीण बाजारपेठ म्हणता ती आमच्याकडे कशी उभी राहिली ते सांगायला हवं. ती तुमच्या जाहिरातींनी एकट्याने उभी केलेली नाही.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. १९८२ ला, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, देशात रंगीत प्रक्षेपण आलं. आमच्याकडे मात्र रंगीत टीव्ही घरात येणं ही नव्वदीतली गोष्ट. आमच्याच मराठवाड्यात, पैठण रस्त्यावरच्या चितेगावात, तेव्हा टीव्ही बनत होते आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटायचा. टीव्ही घ्यायला माणूस एकटा येत नसे. भाऊबंद, जावई, शेजारी असे चार-पाच जण यायचे, सेट चालू करायला लावायचे, मागून वाकून बघायचे. चहा व्हायचा. आणि पैशाचं बोलणं सुरू होण्याआधी त्यातला वडीलधारा माणूस एकच प्रश्न विचारायचा: "बिघडला तर बघणार कोण?"

मी बघणार, असं सांगितलं की व्यवहार ठरायचा. माझं दुकान या एका उत्तरावर चाललं. लातूर, उदगीर, औसा, उमरगा, कुठल्याही तालुक्याच्या गावात जा, जुन्या दुकानदाराला विचारा, तो हेच सांगेल. लोकांनी कंपनीच्या नावावर जितका विश्वास टाकला, तितकाच, कदाचित जास्तच, त्या गल्लीतल्या मेकॅनिकवर टाकला.

पुढे २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आली. दिवसातले दहा-बारा तास वीज नाही, मग फ्रिज घेऊन करायचं काय? त्या काळात आम्ही इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकून तगलो. गावठाणाला वीज टिकायला लागली तेव्हा फ्रिज खऱ्या अर्थाने खेड्यात शिरला. २०१६ नंतर मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि लोक दुकानात यायच्या आधीच मॉडेल बघून यायला लागले. मग हप्ते आले. आधार, पॅन आणि बँकेचा चेक दिला की वीस मिनिटांत कर्ज मंजूर, गिऱ्हाईक मशिन टेंपोत घालून घरी. लग्नात आंदणात भांडी आणि कपाट असायचं, आता फ्रिज आणि वॉशिंग मशिन असतं. मुलीकडचे यादीच घेऊन येतात.

या सगळ्याखाली आहे सोयाबीन. आमचा दसरा-दिवाळीचा धंदा मोंढ्यातल्या पट्टीवर, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पैशावर ठरतो. भाव बरा लागला तर डबल डोअर, नाही तर सिंगल डोअर, आणि फारच पडला तर "पाडव्याला बघू". हा हिशेब तुमच्या टार्गेटच्या कागदावर कधी दिसत नाही, पण मला तो सप्टेंबरातच, पिकाकडे बघून कळतो.

अजून मोठी वाढ व्हायची आहे, हे मलाही कळतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०० पैकी ४० घरांतही फ्रिज नव्हता. वॉशिंग मशिन तर २० घरांतही नव्हतं. उरलेली घरं तुमचं पुढचं गिऱ्हाईक आहेत आणि त्यातली बरीचशी निलंग्यासारख्या तालुक्यांत आहेत. तुमच्या एरिया मॅनेजरच्या तोंडी हल्ली "डीप रूरल" हा शब्द सारखा असतो, तो याचसाठी. माझी मुलंही याच धंद्यावर शिकली. बाजार वाढला तर मला आनंदच आहे.

आता गेल्या वर्षीचं सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवसापासून एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ३० हजारांच्या टीव्हीमागे साधारण २३०० रुपये कमी. बाकी फ्रिज आणि वॉशिंग मशिनवर २०१८ च्या जुलैपासून १८ टक्केच कर आहे, पण लोकांना वाटलं सगळंच उतरलं, आणि समजावून सांगता सांगता आमचा घसा बसला. ४३ इंची टीव्हीची ऑर्डर मी आधीच वाढवून ठेवली होती. गोडाऊन भरलेलं होतं.

आणि त्याच आठवड्यात पाणी आलं. मराठवाड्यात त्या सप्टेंबरात काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मांजरा आणि तेरणा आमच्या तालुक्याला वळसे घालून जातात. काढणीला आलेलं सोयाबीन शेतात उभं कुजलं. काठच्या गावांत पाणी घरात शिरलं. टीव्हीचा कर कमी झाला, आणि घेणाऱ्याच्या हातातली पट्टीच गेली.

दसऱ्याला माझ्या दुकानापुढे पिकअप आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागल्या, पण माल उतरवायला. फ्रिज, वॉशिंग मशिन, कूलर, पिठाच्या गिरण्या, मिक्सर. सगळ्यांत गाळ. फ्रिजचं दार उघडलं की नदीचा वास. दुकानात जागा उरली नाही म्हणून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर ताडपत्री टाकून एकेक यंत्र पुसायला घेतलं. माझा मुलगा, दोन पोरं आणि मी, सोळा-सोळा तास.

त्यात तो लाल फ्रिज होता. नदीकाठच्या एका गावातल्या काकूंचा. घराच्या ओसरीत त्यांचं लहानसं किराणा दुकान आहे. फ्रिजात दुधाच्या पिशव्या, दही, आणि शाळेतल्या पोरांसाठी बर्फाच्या कांड्या. फ्रिज तीन वर्षांपूर्वी माझ्याकडूनच हप्त्यावर नेलेला. शेवटचा हप्ता पुराच्या आधीच्या महिन्यात फिटला होता. काकूंनी ट्रॉलीतून उतरताना मला विचारलं, "भाऊ, हा चालू होईल ना? बाकीचं गेलं तर गेलं." मी म्हणालो, बघतो.

उघडून बघितलं. कॉम्प्रेसर चारही बाजूंनी वेल्डिंगने बंद असतो, त्यात पाणी जात नाही. तो ठीक होता. गॅसची लाइन ठीक. आतली बॉडी धुतली की स्वच्छ. गेला होता तो एकच भाग: इन्व्हर्टर बोर्ड, म्हणजे कॉम्प्रेसर चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. हाताच्या पंजाएवढा. तुम्ही तो बसवता फ्रिजच्या मागे, अगदी खाली, कॉम्प्रेसरच्या शेजारी. म्हणजे घरात गुडघाभर पाणी आलं की पहिला तोच बुडतो. मी बोर्ड काढला, आयपीएने, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलने धुतला, ब्रशने गाळ काढला, ब्लोअरने वाळवला. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर बदलला. मुख्य आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पायांना गंज चढला होता. आयसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो, पण कोरा. त्यातला प्रोग्राम फक्त तुमच्याकडे. तिथे माझे हात थांबले.

बोर्डवरचा नंबर घेऊन मी कंपनीच्या लातूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. पन्नास किलोमीटरवर. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण वेगवेगळ्या वस्तूंसाठी हे मी तुमच्यापैकी अनेकांकडून ऐकलेलं आहे. पहिलं उत्तर: पार्ट बाहेरच्या मेकॅनिकला देत नाही, गिऱ्हाइकाने कंप्लेंट टाकावी. काकूंच्या नावाने कंप्लेंट टाकली. चौथ्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला, एका मुलाने फोनवर तो मागून घेतला, काकूंनी दिला, आणि कंप्लेंट "पूर्ण" म्हणून बंद झाली. घरी कोणी आलंच नाही. परत टाकली. या वेळी उत्तर मिळालं की मॉडेल बंद झालंय, बोर्ड स्टॉकमध्ये नाही, कधी येईल सांगता येत नाही, एक्स्चेंज ऑफर चालू आहे ती घ्या.

तीन वर्षांचा फ्रिज. शाबूत कॉम्प्रेसर, शाबूत बॉडी. आणि ज्या बाईचं दुकान वाहून गेलंय तिला सांगितलं जातं की नवा घ्या.

मला इथे तुमच्याशी सरळ बोलायचं आहे. ती सर्व्हिस सेंटरची पोरं वाईट नाहीत. त्यांना कॉलमागे पैसे मिळतात, ठरलेल्या तासांत कंप्लेंट बंद केली नाही तर कापले जातात, आणि ज्या स्टोअरमधून पार्ट यायचा ते पुण्याला किंवा भिवंडीला. दोष त्या पोरांवर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. तुम्ही विक्रीचं जाळं तालुक्यापर्यंत आणलंत आणि दुरुस्तीचं जाळं जिल्ह्यालाच थांबवलंत. जिथे ते थांबतं तिथून पुढे गिऱ्हाइकाला मी दिसतो, आणि माझ्या हातात तुम्ही काहीच ठेवलेलं नाही.

पूर्वी असं नव्हतं. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा सर्किट डायग्राम सेटबरोबर मिळायचा, कित्येकदा मागच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असायचा. पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर लातूरच्या दुकानात मिळायचा. फ्रिजचा रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, दाराचं रबर मी आजही दराजातून काढून देतो. आज बोर्डवर राळ ओतलेली असते. ओलावा आणि धूळ बसू नये म्हणून ती ओततात, हे मला कळतं. पण त्यामुळे पाच रुपयांचा फ्यूजसुद्धा बदलता येत नाही, मग पूर्ण बोर्ड बदलावा लागतो, आणि बोर्ड मिळत नाही म्हणून पूर्ण मशिन. टीव्हीचं तर विचारूच नका. बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्या तर काहीशे रुपयांत काम होतं, पण पॅनल गेलं की त्याची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी.

"हे व्यवहारात जमत नाही" असं तुम्ही म्हणाल, म्हणून सांगतो. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम लागू आहे. वॉशिंग मशिनचे ठरावीक सुटे भाग शेवटचं यंत्र बाजारात आल्यानंतर १० वर्षं, फ्रिज आणि टीव्हीचे ७ वर्षं पुरवायचे, आणि मागणी आल्यापासून १५ कामाच्या दिवसांत द्यायचे. त्यातले बोर्डसुद्धा स्वतंत्र मेकॅनिकला मिळतात. तुमच्यापैकी कितीतरी कंपन्या तिथे माल विकतात आणि हा नियम पाळतात. मग लातूर जिल्ह्यातल्या मेकॅनिकला तोच भाग द्यायला हरकत काय? आमच्या गिऱ्हाइकाचा पैसा काय कमी किमतीचा आहे?

आपल्याकडेही सुरुवात झालेली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. चांगलं झालं. पण पोर्टलवर कंपनीचं पान असणं वेगळं आणि पार्ट हातात पडणं वेगळं. कायदा सक्तीचा होईपर्यंत थांबू नका. रांजणगावला तुमच्यापैकी काहींचे कारखाने आहेत, शिरवळला आहेत. फ्रिज आणि वॉशिंग मशिन महाराष्ट्रात बनतात आणि तिथून ट्रक रात्रीत माझ्या दुकानापर्यंत येतो. त्याच ट्रकमध्ये एक खोकं सुट्या भागांचं का येऊ नये?

व्होल्टेजबद्दलही बोलायलाच हवं, कारण वॉरंटीचं निम्मं भांडण तिथे होतं. नियमाप्रमाणे घरात २३० व्होल्ट यायला हवेत, सहा टक्के इकडेतिकडे. डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या वस्तीवर, संध्याकाळी सातला, मोटारी चालू असताना मी स्वतः मल्टीमीटर लावून १६८ बघितलेत. तेवढ्यावर साधा कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, जास्त करंट ओढतो, तापतो, मग ओव्हरलोडचा स्विच "टक" करून वीज तोडतो. दोन मिनिटांनी परत तेच. असं महिनाभर झालं की वाइंडिंग जळतं. तुमच्या इन्व्हर्टर फ्रिजने यात खरोखर सुधारणा केली, वीज वाचली, त्याचं श्रेय तुम्हाला आहे. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात "स्टॅबिलायझरची गरज नाही" छापायचं, आणि बोर्ड गेला की "व्होल्टेजमुळे गेला, वॉरंटीत बसत नाही" म्हणायचं, हे बरोबर नाही. गिऱ्हाईक ते खोकं घेऊन माझ्या काउंटरवर येतं आणि त्या अक्षरांवर बोट ठेवतं. मी काय उत्तर देऊ?

उंदरांचंही तसंच. भाव वाढेल म्हणून आमच्याकडे सोयाबीनची पोती घरातच थप्पी लावून ठेवतात. पोती आली की उंदीर आले. वॉशिंग मशिन खालून उघडं असतं, उंदीर आत शिरतो, वायरिंग कुरतडतो. काही मॉडेलांना खाली जाळी येते, काहींना वेगळी विकत घ्यावी लागते. ती सगळ्यांनाच बसवून द्या. फार खर्चाचं काम नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या बंद मशिनांतली कितीतरी तेवढ्याने वाचतील.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा भागातली वॉशिंग मशिनं कपड्यांची कपाटं झाली होती. एरवीही आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की इनलेटची जाळी दोन महिन्यांत पांढरी होऊन बसते. हे माहितीपुस्तिकेत मराठीत, चित्र काढून सांगितलं तर मला फोन येणारच नाही. तुमची जाहिरात उत्तम मराठीत असते. वॉरंटी कार्ड मात्र इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. काकूंना वॉरंटीत काय बसतं हे तीन वर्षं माहीतच नव्हतं, आणि ते समजावून न सांगण्यात माझीही चूक आहे. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बसवून वाचून दाखवतो.

जुन्या मालाचं पुढे काय होतं तेही बघा. एक्स्चेंजमध्ये आलेला फ्रिज किंवा टीव्ही तुमच्या कागदावर कुठेतरी जमा होत असेल. १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांत ती जबाबदारी उत्पादकाची आहे. इथे मात्र भंगारवाला येतो, वजनावर नेतो, तांब्यासाठी कॉम्प्रेसर फोडतो, पिक्चर ट्यूब दगडाने फोडून कॉइल काढतो. ती शिशाची काच ओढ्याच्या कडेला पडते. मी पाहिली आहे, पुराच्या आधीही आणि नंतरही. दुरुस्त होऊन आणखी पाच वर्षं चालणारा प्रत्येक फ्रिज त्या ओढ्यापासून पाच वर्षं लांब राहतो.

माझं मागणं मोठं नाही. आम्हाला फुकट काही नको. विकलेल्या प्रत्येक मॉडेलचे भाग फ्रिजला किमान ७ आणि वॉशिंग मशिनला १० वर्षं मिळावेत, त्यांची किंमत जाहीर असावी, आणि ते आयटीआय झालेल्या, दुकान असलेल्या मेकॅनिकला रोख पैसे देऊन घेता यावेत. बोर्डचा प्रोग्राम द्यायचा नसेल तर प्रोग्राम भरलेला आयसी विका. वर्षातून एकदा लातूरच्या आयटीआयमध्ये दोन दिवस तुमचा इंजिनिअर पाठवा. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये हल्ली आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेतो. खेड्यातली पोरं तो जुन्याच सवयीने भरतात, आगीच्या शेजारी बसून. एखाद्याच्या तोंडावर भडका उडण्याआधी त्यांना शिकवा. शिकायला मी स्वतः पहिल्या रांगेत बसेन, वय झालं असलं तरी.

कारण आता गिऱ्हाईक परत तोच प्रश्न विचारायला लागलंय. मध्ये काही वर्षं हप्त्याच्या नादात लोक तो विसरले होते. पूर ओसरल्यापासून जो येतो तो विचारतो, बिघडला तर बघणार कोण, पार्ट मिळतो का. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून पटकन "मी बघतो" निघत नाही. मी थांबतो. गिऱ्हाइकाला ते थांबणं दिसतं. या थंडीत दोन कुटुंबं नुसती विचारून परत गेली.

गुढीपाडवा जवळ आलाय, ऊन चढायला लागलंय. काकूंनी ओसरीतलं दुकान पुन्हा मांडलं आहे. दूध सकाळी आणतात आणि दहाच्या आत विकलं नाही तर तापवून घरात वापरतात. बर्फाच्या कांड्या बंद आहेत. दर आठवडी बाजाराच्या दिवशी त्या माझ्याकडे डोकावतात, मागच्या खोलीत फ्रिज आहे ना एवढं बघतात आणि जातात. बोर्डचा नंबर मी जपून ठेवला आहे, फ्रिजच्या दारावर कागद चिकटवून. ज्या कंपनीचा तो आहे तिला हे पत्र वाचताना कळेलच. बोर्ड पाठवा. पैसे तयार आहेत, बसवायला मला अर्धा तास पुरे.

आपला,
एक दुकानदार आणि मेकॅनिक
निलंगा, जि. लातूर